यायचा फेटा

सकाळी चहा गाळत होतो तेव्हा शेषरावचा फोन आला. शेषराव हा मुंजाजीचा ताडकळसचा शेजारी. एरवी तो मला फक्त परभणीच्या मोंढ्यातला हरभऱ्याचा भाव विचारायला फोन करतो, म्हणून मी भावच सांगायच्या तयारीत होतो. "गुरुजी गेले," तो म्हणाला. "झोपेतच. माती कवा करायची ते ठरायलंय, तुमी निघा." मी बरं म्हणालो, चहा गाळला, प्यालो, कप विसळून ठेवला आणि स्टँडवर गेलो. गुरुजी म्हणजे मुंजाजी. शाळेत ज्याच्या शेजारी एका बाकावर बसलो तो माणूस गेला म्हटल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली याचं बरं वाटलं, एवढं आठवतं.

मुंजाजीच्या अंगणात माणसं जमली होती आणि चर्चा एकाच गोष्टीची चालली होती. एकुलता एक मुलगा अविनाश जर्मनीत. त्याच्यासाठी थांबायचं की पुतण्याच्या हातून अग्नी द्यायचा. कुणी बर्फाच्या लाद्या आणायला माणूस पाठवा म्हणत होतं, कुणी विमानाला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघत होतं. तेवढ्यात मुंजाजीची बायको, शांतावहिनी, दारात आल्या आणि म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत येईल तो." जर्मनीहून ताडकळसला दिवस मावळायच्या आत माणूस कसा पोचतो, हे भूगोलाच्या मास्तरच्या अंगणात एकानेही विचारलं नाही. बर्फाला निघालेला माणूस परत फिरला आणि भिंतीला टेकून बसला.

मुंजाजीने गावच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण त्याचं नाव झालं ते फेट्याने. त्याच्यासारखा फेटा पंचक्रोशीत कुणाला बांधता येत नसे. माणसाला समोर उभं करायचा, डोक्याकडे शिंप्यासारखं एकदा बघायचा, कापडाचं एक टोक दातात धरायचा आणि बोलता बोलता बांधून मोकळा व्हायचा. बांधलेला फेटा लग्नाच्या वरातीत नाचूनही हलत नसे. आधी नवरदेव, मग निवडून आलेले सदस्य, आणि गेल्या काही वर्षांत परदेशी जाणारी पोरं. गावातलं एखादं पोरगं बाहेरच्या देशात निघालं की मारुतीच्या पारावर सत्कार ठरलेला. शाल, नारळ, मुंजाजीचा फेटा, मुंजाजीचंच सूत्रसंचालन, आणि स्टँडसमोर फ्लेक्स. फ्लेक्सवर मधोमध कोट घातलेलं पोरगं, मागे विमान, आणि भोवती शुभेच्छुकांची इतकी तोंडं की विमान उडालंच तर वजनाने खाली यावं.

मी हे त्याला नेहमी बोलायचो. पंधरा ऑगस्टला ज्या माइकवरून तू आपला देश जगात कसा श्रेष्ठ ते सांगतोस, त्याच माइकवरून तो देश सोडून चाललेल्यांचं अभिनंदन करतोस, निदान माइक तरी बदल. तो हसायचा. सातासमुद्रापार म्हणतोस, जर्मनीला जाताना सात समुद्र कुठले मोजलेस, असंही एकदा विचारलं. "भाषणात भूगोल नसतो गड्या," तो म्हणाला. "तू परभणीचा मानूस, तुला टाळी कळत न्हाई." आणि खरंच, टाळी मला कळत नसे. आमच्या आजोबांच्या काळात समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागे. आता ओलांडला नाही की घ्यावं लागतं, एवढाच फरक मला दिसत होता. दोन्ही वेळी पंगतीतून उठवणारी माणसं तीच.

अविनाश इंजिनिअर झाला आणि दोन वर्षं घरी बसला. बसला म्हणजे अर्ज करत होता, पण गावाच्या दृष्टीने अर्ज करणं हे बसणंच. पारापाशी, दुकानात, लग्नात, मयतीत, जो भेटेल तो विचारायचा, सध्या काय करायलास? मग त्याला जर्मनीतल्या एका कॉलेजात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. मी त्याला एकदा विचारलं, जर्मनीच का रे? तो म्हणाला, "काका, तिथं काय हाय ते मला बी नीट ठाव न्हाई. पन तिथं मला कुनी 'काय करायलास' म्हणून इचारनार न्हाई." परदेशाच्या ओढीबद्दल मी बरंच वाचलं आहे. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही.

प्रवेश आला, व्हिसा यायचा होता. सत्कार व्हिसा आल्यावर करावा हे कुणालाही कळलं असतं, पण प्रमुख पाहुण्यांना त्याच आठवड्यात सवड होती. आणि बापाला घाई होती. इतक्या पोरांना फेटे बांधले, स्वतःच्या पोराला बांधायला त्याचे हात शिवशिवत होते. मी त्या सत्काराला होतो. त्या दिवशी मुंजाजीला बोलता आलं नाही. फेटा बांधून झाला, माइक हातात घेतला, आणि नुसता मुलाकडे बघत उभा राहिला. टाळ्या मात्र पडल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या फ्लेक्सवरच्या फोटोला दोन स्थळं सांगून आली.

ठरलेल्या तारखेला जीप दारात आली. व्हिसा आज-उद्या येईल असं होतं, पण तारीख फ्लेक्सवर छापलेली होती. म्हणून अविनाश निघाला, गावाने वेशीपर्यंत येऊन निरोप दिला, आणि तो पुण्यात मित्राच्या खोलीवर जाऊन थांबला. व्हिसा आला नाही. नाकारल्याचं कळलं तेव्हा तो पुण्यातच होता. मग त्याने तिथेच एका कारखान्यात नोकरी धरली आणि राहिला. परत यायला रस्ता होता, एसटी होती, पण वेस होती ना मध्ये... जाणाऱ्यासाठी तिथे हलगी वाजते, येणाऱ्यासाठी काय वाजवायचं ते कुणाला ठाऊक नाही.

हे गावात फक्त आई-बापाला माहीत होतं, आणि परभणीत मला. म्हणजे आमची तशी समजूत होती. मुंजाजी रोज सकाळी मोबाइलवर त्या जर्मन शहराचं हवामान बघायचा. कुणी विचारलं, "गुरुजी, अविनाश कसा हाय?" तर सांगायचा, "बरा हाय. बर्फ पडायलाय तिकडं." थंडी, पाऊस, दिवस किती वाजता मावळतो, सगळं अचूक. त्याने शिकवलेल्या भूगोलाचा इतका काटेकोर वापर त्याने वर्गात कधी केला नसेल. अविनाशच्या खोलीत दोन भिंती होत्या म्हणे, एक रंग उडालेली आणि एक बरी. व्हिडिओ कॉल बऱ्या भिंतीसमोरून व्हायचे. दोन दिवाळ्या अशा गेल्या.

आमची शेवटची भेट परभणीत, स्टेशनसमोरच्या हॉटेलात. तो डॉक्टरांना दाखवायला आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. मी म्हणालो, बास आता, बोलाव त्याला. लोक चार दिवस बोलतील आणि सोयाबीनच्या काढणीला लागतील. त्याने बशीतला चहा संपवला. "जायाचा फेटा मला बांधता येतो गड्या," तो म्हणाला. "यायचा कसा बांधतेत, मला येत न्हाई." मग आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. तो गाडीकडे गेला तेव्हा मी बिलाकडे बघत होतो, त्यामुळे त्याला जाताना नीट पाहिलंही नाही.

अविनाश दिवस मावळायच्या आत आला. पुण्याच्या नंबरची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तो उतरला आणि अंगणभर माणसं बघून जागीच उभा राहिला. काय विचारतील आणि काय सांगायचं याची त्याने वाटेत तयारी केली असणार. "मी पुण्याहून..." एवढं तो म्हणाला. शेषराव उठला, त्याच्या खांद्याला धरून आत घेऊन गेला. "ठाव हाय," म्हणाला. "चल, पाय धू."

राख सावडायच्या दिवशी मी शेषरावला गाठलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "आमचा धाकटा त्याच कारखान्यात हाय की. कवाच सांगितलं त्यानं. समद्या गावाला ठाव हाय." मग बोलला का नाहीत, बर्फ पडतोय का म्हणून रोज विचारत कशाला होतात? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परदेशातून आलोय. "थोरला दुबईला गेला तवा गुरुजींनी त्याला फेटा बांधला हुता," तो म्हणाला. "तेंच्या तोंडावर कसं म्हणावं, बर्फ न्हाई म्हणून?"

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनींनी मला आणि अविनाशला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटावरून त्यांनी धोतराच्या फडक्यात झाकलेलं काहीतरी खाली घेतलं. गुलाबी फेटा होता, बांधून ठेवलेला, तुरा काढलेला, शेमला सोडलेला. महिन्यापूर्वी एका दुपारी मुंजाजीने बाजेवर बसून, स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन तो बांधला होता. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा मनासारखा झाला. वहिनींनी विचारलं, हा कुणाचा? "पोळ्याला ये म्हणून फोन करतो त्याला," तो म्हणाला होता. "वेशीतच घालीन." फोन करायचा राहून गेला. पोळा अजून यायचा होता.

"घालून बघ एकदा," वहिनी म्हणाल्या.

अविनाशने दोन्ही हातांनी तो उचलला आणि डोक्यावर ठेवला. बापाला त्याच्या डोक्याचं माप तोंडपाठ होतं, पण ते माप केसांसकटचं. दहाव्याला मुंडण झालेलं. फेटा सरळ भुवयांवर आला आणि एका कानावर कलला. त्याने मागे सारला, तो पुन्हा पुढे आला. एक पदर सोडून जरा आवळला असता तर बसला असता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला; कुठला पदर सोडायचा ते मला ठाऊक नव्हतं, आणि एकदा सुटला असता तर पुन्हा कुणी बांधायचा? वहिनी म्हणाल्या, राहू दे. केस वाढतील.

फेटा पुन्हा कपाटावर ठेवला आहे. अविनाश पुण्याला परत गेला, या वेळी दिवसाउजेडी, स्टँडवरून, चारचौघांसमोर. बसमध्ये चढताना कुणीतरी सवयीने विचारलंच म्हणे, सध्या काय करायलास. परवा मोबाइलवर मी त्या जर्मन शहराचं हवामान पाहिलं. पाऊस होता. का पाहिलं, ते सांगता येणार नाही.