रडूबाईचा वर्षाचा निकाल

सिनेमात मयताच्या मागे रडायला बाई हवी असली की गर्दीची माणसं पुरवणारा सप्लायर आधी तिलाच फोन लावायचा, म्हणून सगळे तिला रडूबाई म्हणत. प्रत्यक्षात तिला रडताना कुणी पाहिलेलं नव्हतं. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर.

गर्दीतल्या माणसाचं खरं काम वाट बघण्याचं. हिरो यायचा असतो, उजेड जमायचा असतो, कुणाचा तरी मेकअप बिघडलेला असतो, तोवर बसा. बसून बसून अंगाचं लाकूड झालं की हाक येते, बाजारातून दोन फेऱ्या मारायच्या, आणि पडद्यावर शेवटी दिसतं काय, तर कोपर. दुनिया तिकीट काढून हिरोला बघते, रडूबाई तिकीट काढून कोपर बघायची. सिनेमा बरा की वाईट, हे ती मागच्या माणसांवरून ठरवायची. मागून जाणाऱ्याला खरंच कुठेतरी पोचायचंय असं वाटलं, तर सिनेमा बरा. नुसतीच मेंढरं इकडून तिकडे हाकलीत असं दिसलं, तर पुढे हिरोने जीव दिला तरी तिच्या लेखी फुकट.

वर्ष सरताना, स्टुडिओत गर्दीच्या माणसांना बसायला जी शेड होती, तिथे ती निकाल सांगायची. यंदाचा सिनेमा कुठला. दंगलीत पळावं तर कुणासारखं. पार्टीच्या सीनमधलं गारढोण जेवण पुन्हा पुन्हा चावताना पहिल्या घासाची चव तोंडावर कुणी टिकवली. आणि सगळ्यात शेवटी, वर्षाचं काम. त्याला बक्षीस एकच, खुर्ची. शेडमध्ये बाकी सगळी बाकडी, पाठ टेकायची सोय नाही. ही एकटीच हातांची, उंच पाठीची, कुठल्याशा राजाचा दरबार मोडला तेव्हा तिथून उचललेली. सोनेरी रंगाचे पोपडे उडालेले. ज्याचं नाव निघेल त्याने पुढचं वर्षभर त्या खुर्चीत बसायचं. ही केवढी चैन आहे, ते ज्याची कंबर गेली त्याला विचारा.

या वर्षी खुर्ची मयतदादांची, असं सगळे धरूनच चालले होते. दादांचा जन्म सिनेमात प्रेताची कामं करण्यात गेला. आता गुडघे वाकत नव्हते, पुढच्या वर्षी कामाला येतील याचा भरवसा नव्हता. शिवाय आधी ज्युनिअरांना, म्हणजे या गर्दीच्या माणसांना, बसायला शेडच नव्हती, बायकांना संडास नव्हता. त्यासाठी संप झाला तेव्हा फाटकाबाहेर रणरणत्या उन्हात रडूबाईच्या मांडीला मांडी लावून बसले ते दादाच. शेड मिळाली. यंदा त्यांनी एका मोठ्या सिनेमात हिरोच्या बापाचं प्रेत केलं होतं. द्यायला काय हरकत होती?

हरकत होती. दुसऱ्या एका सिनेमात दवाखान्याचा व्हरांडा होता. हिरोला आई गेल्याचं कळतं, तो हंबरडा फोडतो. मागे बाकावर एक बाई मांडीवर डबा उघडून बसलेली. हिरो रडायला लागतो तशी ती हातातला घास परत डब्यात ठेवते, झाकण लावते, आणि आवाज होऊ नये म्हणून वरून तळवा दाबून धरते. मग तिला बघायला जागाच उरत नाही. ती झाकणाकडे बघत राहते. वर्षाचं काम हेच, रडूबाईने तिथेच ठरवलं. मग तिने त्या बाईचं तोंड नीट पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. ती तिची नणंद होती.

संपाच्या वेळी ही नणंद मागच्या गेटने आत गेली होती आणि लग्नाच्या सीनमध्ये नाचून आली होती. तेव्हापासून दोघींमध्ये शब्द नव्हता. एकाच शेडमध्ये, एकाच बाकड्याच्या दोन टोकांना दोघी बसत, मध्ये इतरांच्या पिशव्या.

रडूबाई तो सिनेमा पुन्हा बघून आली. दुसऱ्यांदा बघितला म्हणून सिनेमा बदलत नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण आपलीच नजर चुकली असेल, अशी आशा होती. नजर चुकली नव्हती.

"दादांना दे आणि मोकळी हो," नवरा म्हणाला. तो पूर्वी लाइटमन होता. आता पाठ धरल्यामुळे पलंगावर आडवा असायचा.

"दादांची पापणी हलली."

"मेलेल्याची?"

"म्हणून तर."

"अगं, पण कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

"मग तिसऱ्या कुणाला दे. माझ्या बहिणीचं नाव नाही घेतलंस तर आभाळ कोसळणार नाही. ती काही मागायला येत नाही."

"तेच तर. मागायला आली असती तर हाकलून दिली असती. सोपं झालं असतं."

तिला या सगळ्याचाच शीण आला होता. दादांचं नाव घ्यायला जीभ सहज वळली असती. पण मग आजवरची सगळी नावंसुद्धा आपली माणसं म्हणूनच घेतली, असं झालं असतं. पडद्यावरच्या पाटीत ज्यांचं नाव कधी येत नाही, त्यांना एवढंच तर मिळत होतं, की कुणीतरी त्यांना नीट पाहिलं.

निकालाच्या दिवशी तिने बाकीची नावं भराभर उरकली. मग म्हणाली, "वर्षाचं काम. दवाखान्यात डब्याचं झाकण लावणारी बाई. आमच्या वन्सं."

मग एकजण उठली. बाजाराच्या सीनमध्ये कायम भाजी विकायची म्हणून तिला भाजीवालीच म्हणत.

"ही शेड मिळवली कुणी? आपण. ही तेव्हा कुठे होती? आत नाचत होती."

"वाईट नाचली," रडूबाई म्हणाली. "त्या वर्षी घेतलं का मी तिचं नाव?"

दोघं-तिघं हसली. भाजीवाली हसली नाही. "संप मोडणारीलाच खुर्ची द्यायची होती, तर संप केला कशाला?"

"संडासासाठी. काम कुणाचं चांगलं म्हणायचं ते ठरवायला नाही."

"मग पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तुझ्या एकटीच्या डोळ्यांचा जुलूम नको. कोण कोण तयार आहे?"

एकेक करत बरेच हात वर गेले. या माणसांना संपाच्या वेळी हात वर करायला तिनेच शिकवलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आता ही भडकणार म्हणून दोघीजणी आधीच बाजूला सरकल्या. ती नुसती "बरं" म्हणाली.

मयतदादा कोपऱ्यातून म्हणाले, "माझी पापणी हलली ना गं?"

"हलली, दादा."

"मला वाटलंच. दिवा सरळ डोळ्यावर होता." आणि ते पाय पोटाशी न घेता, जमतील तसे, बाकड्यावर आडवे झाले.

नणंद उभी राहिली होती, पण खुर्चीकडे निघाली नव्हती. "वहिनी, मी माफी मागावी म्हणून देत असशील तर नको मला. घरात माझ्या पोरांना मी एकटीच होते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आत जाईन."

"आणि मी पुन्हा फाटकात तुमच्या नावाने बोंब मारीन. माफी मागितलीत तरी मिळायची नाही. बसा आता, लोक ताटकळलेत."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा जागाच होता.

"कुणाला दिलीस?"

"तुमच्या बहिणीला."

"बसली?"

"बसली."

"टेकून?"

"नाही. कडेला. कुणी उठवेल की काय, अशी. त्यानंतर दिवसभर कुणी तिच्याशी बोललं नाही. माझ्याशीही नाही."

त्याने कण्हत कूस बदलली आणि पलंगावर तिला जागा केली. "तुम्ही दोघी बोललात?"

"भांडलो."

"म्हणजे बोललात."

चपला पायातच ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली आणि भिंतीला टेकली.