वयानुसार करतात

लॅबमध्ये बिलाच्या खिडकीत बसून काकूंची बावीस वर्षं गेली. इस्ट्रोजेनची, म्हणजे बायकांच्या हार्मोनची तपासणी असली की डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं कारण बिलात उतरवायचं, नाहीतर विमा कंपनी बिल परत पाठवते. त्यामुळे कुठलं कारण साधं आणि कुठलं वाईट, हे काकूंना तोंडपाठ. पण एखादी बाई घाबरून विचारायची, "ही तपासणी कशासाठी हो?" तेव्हा काकू मान वर न करता एकच ठोकून द्यायच्या, "वयानुसार करतात. काळजी करू नका."

आज त्या खिडकीबाहेर रांगेत उभ्या होत्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा रक्ताचा डाग दिसला. डॉक्टरांनी त्याच तपासणीची चिठ्ठी घडी घालून दिली होती. ती उलगडायचा काही काकूंना धीर झाला नाही.

आत त्यांनीच शिकवून तयार केलेली सहकारी होती. तिनं चिठ्ठी उघडली आणि कारणाच्या ओळीवर तिचं बोट थबकलं.

"काय लिहिलंय गं?" काकूंनी विचारलं.

तिनं मान वर केली नाही.

"वयानुसार करतात, काकू. काळजी करू नका."