सुमनताई आणि विवरातलं देऊळ

आमचे बाबा त्यांच्याच देवळाखाली गेले.

तेव्हा तिथं असलेल्या आम्ही दोघी बहिणी. त्यातली मोठी, सुमनताई, आज पहाटे खामगावला वारली.

आमचं माहेर लोणार. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतासोबत होता, कचेरीचं सगळं नागपूरला.

बाबा गुरव. विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठावर महादेवाचं फार जुनं देऊळ होतं, त्याची पूजा आमच्या घराकडे.
गाभाऱ्याच्या दारावरची शिळा तडकलेली.

नागपूरहून साहेब यायचे. मान वर करून पाहायचे, "रिपोर्ट करतो" म्हणायचे, जायचे.
शेवटी बाबांनी स्वतःच बाभळीचा टेकू लावला.

श्रावणातला सोमवार. आत बायकांची दाटी.
टेकू कडकन वाजला.

बाबा ओरडले, "सुमे, हिले घेऊन पय!"

ताईनं मला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं. बाबा एकेकीला दाराबाहेर ढकलत होते.
सगळ्या बाहेर आल्या.
बाबा नाही आले.

गावातल्या हिंदू-मुसलमान साऱ्यांनी पहारी लावून शिळा बाजूला केली. मला पाहू दिलं नाही. ताईनं पाहिलं.

मग देवळाला काटेरी तार लागली. 'आत जाण्यास मनाई.' दुरुस्ती नाहीच.

ताई तरी दर सोमवारी उतरायची, तारेबाहेर बेल ठेवायची. लग्नानंतर माहेरी आली की आधी तिथं.
एकदा मी चिडले. "ज्यानं बाबाले खाल्लं, तिथं काऊन जातं वं तू?"

"देवळानं नाही खाल्लं. त्याले कोणी हातच नाही लावला, म्हणून पडलं ते."

पुढे heritage म्हणत लोक आले. फोटो काढले. पडलेला एकही खांब कोणी उभा केला नाही.
लोणारहून कोणीही आलं की ताई विचारायची, "देऊळ कसं आहे?"
आम्ही म्हणायचो, "आहे."

यंदा सरोवराचं पाणी चढलं. तिच्या मुलानं आम्हाला न विचारता तिला फोनवर देवळाचा व्हिडिओ दाखवला. पाण्यावर फक्त खांबांची टोकं.

तिनं तो शेवटपर्यंत पाहिला. मग फोन परत दिला.
"बुडू दे. आता कोणाच्या अंगावर पडायचं भेव तं नाही."

त्यानंतर तिनं देवळाचं कधी विचारलं नाही. कशाचंच नाही.

ताई, श्रद्धांजली कशी वाहतात ते मला जमत नाही.
तू जा.
मागं वळून पाहू नको वं. पाहण्यासारखं इथं काही ठेवलं नाही आम्ही.