वाकलेले जवारे

ती घटना सांगायचं मी अनेकदा टाळलं आहे. नोकरीतल्या गोष्टी ऐकायला लोक बसले की मी दुसरंच एखादं प्रकरण काढतो. आठवण मात्र याच प्रकरणाची येते आणि ती दर नवरात्रात येते. मी आता खात्यात नाही, मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. कोणाचं नाव इथे देणार नाही. गाव अड्याळच्या बाजूचं होतं, एवढंच सांगतो.

नवरात्रात ठाण्याला फुरसत नसते. मंडळांचे परवाने, डीजेच्या तक्रारी, रात्रीची गस्त, विसर्जनाच्या बंदोबस्ताची आखणी हे सगळं एकदमच अंगावर येतं. त्यातच निम्मा स्टाफ उपवासाला. मीही नऊ दिवस धरायचो, बायकोचा आग्रह म्हणून. साबुदाणा, शेंगदाणे आणि मागाल तेवढा चहा, असा तो उपवास. अशाच एका सकाळी त्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, देवळातला चांदीचा मुकुट चोरीला गेला होता.

देऊळ लहान होतं. पुढे मंडप, मग गाभारा, आणि गाभाऱ्यातूनच वाट असलेली एक अंधारी खोली. नवरात्रात त्या खोलीत घट बसवतात, अखंड ज्योत लावतात आणि भोवती टोपल्यांमध्ये गहू पेरतात. त्या रोपांना जवारे म्हणतात. खोली बंद ठेवून उजेड लागू देत नाहीत, म्हणून जवारे पिवळेधमक आणि सरळ वाढतात. ते तसेच आले तर उपवास देवीला पावला, असं मानतात. दसऱ्याला घट डोक्यावर घेऊन, जवाऱ्यांसह तलावात विसर्जन होतं. त्या खोलीत उपवास धरलेल्या माणसाशिवाय कोणी पाय ठेवत नाही. या गावात ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे होती. धानाची शेती करणारं साधं घर. घरातला कर्ता नऊ दिवस पुजारी होतो, देवळातच झोपतो, फक्त पाण्यावर राहतो आणि देवळाचं अंगण ओलांडत नाही.

आम्ही पंचनामा केला. गाभाऱ्याचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली पुजाऱ्याच्या करदोड्याला. श्वानपथकाचा कुत्रा मंडपात दोन फेऱ्या मारून पुजाऱ्याच्या सतरंजीवर जाऊन बसला. ज्योतीच्या खोलीत मी शिरलो नाही. पंच म्हणाले, "साहेब, अंदर नोका जाऊ." मलाही ते बरंच वाटलं. उंबऱ्यातून डोकावलो, तर काजळीने चारही भिंती सारख्याच काळ्या दिसल्या. खोलीस दुसरे दार अथवा खिडकी नाही, असं मी लिहून घेतलं. याचा अर्थ सरळ होता. मुकुट नेणारा माणूस किल्लीवाला तरी असणार, नाहीतर किल्लीवाल्याचा तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुजाऱ्याचा चुलतभाऊ ठाण्यात आला. देवळाच्या मागेच त्याचं घर. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"घरचीच गोष्ट हाय जी, सांगाले जीव होत नाही."

"मग आलास कशाला?"

"देवीचं काम हाय म्हनून आलो. तो दुपारी अंदरून दार लावून घेते. टोपल्याईवर कपडा टाकून ठेवते. कोनी पाहाले गेला का आडवा उभा राहते. आता काहून लपवून राह्यला, मले का मालूम?"

नातेवाइकाची खबर द्यायला येणारा माणूस आधी हळहळतो आणि मग बोलतो, हे मला माहीत होतं. हळहळ जितकी जास्त तितकी खबर तपासून घ्यावी, हेही माहीत होतं. पण खबर माझ्या अंदाजाला जुळत होती, म्हणून मला आवडली.

मी तडक देवळात गेलो. खबर खरी निघाली. पुजारी खोलीत होता, टोपल्या पातळ फडक्याने झाकलेल्या. मला पाहताच तो दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभा राहिला.

"अंदर नोका पाहू जी."

"काय आहे त्या कपड्याखाली?"

"जवारे हायेत."

"मग दाखव."

त्याने मान खाली घातली. मी त्याला गाडीत बसवायला सांगितलं. तो अंगणाच्या कडेला थबकला, हवालदाराने दंड धरला तेव्हा पुढे झाला. त्याची बायको गाडीमागे आली. "ज्योत इझली तं गाव आमाले उभं करीन का, साहेब? तेल कोन घालीन?" मी काच वर केली.

ठाण्यात तो खुर्चीवर बसला नाही. "उपासात उंच बसत नाही," म्हणत भिंतीशी टेकून फरशीवर बसला. किल्ली कोणाला दिली होती? कोणालाच नाही. त्या रात्री देवळात कोण आलं होतं? कोणीच नाही. फडक्याखाली काय लपवलं? यावर तो गप्प. दुसरं काहीही विचारलं की लगेच उत्तर, फक्त फडक्याचं नाव काढलं की नजर फरशीवर. माझा संशय पक्का होत गेला. मी आवाज चढवला. मारलं नाही, पण घरच्यांना उचलून आणण्याची धमकी दिली. तेव्हा तो रडायला लागला.

"पाप माझंच हाय, साहेब. माझ्याच हातून चुकलं कायतरी."

हवालदाराने कागद पुढे ओढला. मी वाकून विचारलं, "मुकुट कुठे ठेवलास?"

त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "मुकुट? तो मले कसा मालूम राहीन?"

मी टेबलावर हात आपटला. तो उठायला गेला आणि तसाच आडवा झाला.

त्या क्षणी मला त्याची काळजी वाटली नाही, हे आज लिहिताना लपवत नाही. मला माझ्या नोकरीची काळजी वाटली. ठाण्यात माणूस दगावला तर काय होतं, हे प्रत्येक ठाणेदाराला ठाऊक असतं. डॉक्टर येईपर्यंत मी ग्लुकोजचं पाणी करायला लावलं आणि चमच्याने त्याच्या तोंडात घातलं. तो शुद्धीवर आला. ओठांवरून जीभ फिरवली. गोड लागलं असावं.

"पाजलं का जी कायी?"

हवालदार म्हणाला, "औषधच होय ते, बा. त्याच्यानं कायी होत नाही."

पुजाऱ्याने खिडकीबाहेरचं ऊन पाहिलं आणि मला म्हणाला, "तेल घालाची येळ झाली. माझा तं मोडला. तुमचा उपास हाय ना साहेब?"

"आहे."

"मंग तुमीच जा. दुसऱ्या कोनाले धाडू नोका. बूट, चामड्याचा पट्टा बाहेरच ठेवजा. अन् टोपल्याईवरचा कपडा उचलू नोका, एवढं आयका माझं."

ज्याला मी चोर ठरवलं होतं, त्याने देवीची ज्योत माझ्या हाती दिली. मी लगेच निघालो, पण तेलासाठी नाही. मुकुट फडक्याखालीच आहे, अशी माझी खात्री झाली होती.

बूट-पट्टा काढून मी एकटाच आत गेलो. ज्योतीत तेल घातलं. मग फडकं उचललं. टोपल्यांत जवाऱ्यांशिवाय काही नव्हतं. मी माती बोटाने उकरायला हात घातला आणि तसाच थांबलो. जवारे सरळ नव्हते. सगळे एकाच बाजूला झुकलेले होते, त्यांची टोकं हिरवी होती आणि ज्योतीकडे पाठ करून ते मागच्या भिंतीकडे वळले होते.

मी धानकऱ्याच्या घरचा आहे. झाडाच्या सावलीत टाकलेलं धानाचं पऱ्हं, म्हणजे कोवळी रोपं, उजेडाकडे कसं वाकतं, ते लहानपणापासून पाहिलेलं. मागच्या भिंतीवर तळवा फिरवला, तर एका जागी दगड संपून लाकूड लागलं. ढकललं तसं ते आवाज न करता बाहेर उघडलं. डोळ्यांवर ऊन आलं. समोर चुलतभावाची सांदवाडी, म्हणजे घरामागचं परसू होतं. त्याची बायको अनवाणी पायाने गाईला पाणी दाखवत होती. तिचाही नऊ दिवसांचा उपवास होता. भिंतीतून ठाणेदाराचं तोंड बाहेर आलेलं पाहून तिच्या हातची बादली सुटली.

"अगे माय! इथं खिडकी कवा होती जी?"

ती खरंच चकित झाली होती. फळी भिंतीसारखीच मातकट होती आणि तिच्या खालच्या कडेपर्यंत तणसीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग रचलेला होता; ती खिडकी तिला कधी जाणवलीच नव्हती. पंचांना बोलावून ढीग उपसला. दुपट्ट्यात गुंडाळलेला मुकुट मधल्या थरात सापडला.

चुलतभावाने कबुलीला फार वेळ घेतला नाही. जुनी खिडकी बंद करायला बाहेरून ठोकलेल्या फळीचे खिळे त्याने घटस्थापनेच्या सुमारासच काढून ठेवले होते, ऐन वेळी आवाज नको म्हणून. सैल फळीच्या फटीतून रोज ऊन आत येत होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"चपला काढून गेलो होतो जी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "हात जोडले, मंग उचलला. इकाचा नव्हता. दसरा झाला का मीच सापडवून देल्ला असता."

"मग नेलास कशाला?"

"घट दरसाली त्याच्याच डोक्यावर. आमी का परके हाओ? तो खोटा ठरता तं सेवा आमच्याकडं येती."

पुजाऱ्याला मी स्वतः सगळं सांगितलं. जवारे वाकू लागलेले त्याने दोन-चार दिवसांपासून पाहिले होते. आपल्याच उपवासात खोट आहे असं समजून तो दार लावून रोज टोपल्या फिरवत होता, आणि लोकांना दिसू नये म्हणून झाकत होता. खिडकीचं ऐकून त्याला हायसं वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "पाप माझं राहते तं बरं होते जी. पुढच्या साली उपासानं फेडलं असतं. भावाचं कसं फेडू?"

दसऱ्याला मी बंदोबस्ताच्या निमित्ताने देवळापाशी उभा होतो. घट उचलायची वेळ झाली आणि पुजारी मागे सरला.

एक म्हातारी ओरडली, "अरे, पोलिसाईनं पाजलं, तुनं का मांगून पेलं? उचल घट!"

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मोडला तो मोडला, आजी," पुजारी म्हणाला. तो गर्दीतून वाट काढत कडेला गेला. चुलतभावाची बायको डोक्यावरचा पदर ओढून तिथे एकटीच उभी होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. "चाल बाई, तू घे."

गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "चोराच्या घरी घट देतं का बे?"

"उपास तिनं पुरा केला," पुजारी म्हणाला. "चोरी तिनं नाही केली."

त्याने घट स्वतः तिच्या डोक्यावर ठेवला. टोपल्यांतले वाकलेले, हिरव्या टोकांचे जवारे सगळ्यांसमोर उघडे होते. ती रडत तलावाकडे निघाली. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून चालताना तिचा तोल जाऊ नये म्हणून पुजारी तिच्या शेजारून हात पुढे करून चालत होता, आणि थोड्या वेळाने गावही मागे निघालं.

दोषारोपपत्र वेळेत गेलं आणि वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं. मी मात्र त्या प्रकरणातून एवढंच शिकलो की लपवणारा प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो. बरेचदा तो लाज लपवतो, आणि ती लाजही त्याची नसते. नंतरच्या नोकरीत कोणाला गाडीत बसवण्याआधी मी विचारू लागलो, "तुझ्यावाचून इथे काय अडेल?" खात्याच्या नियमांत हा प्रश्न कुठे नाही. त्या माणसाला मी तो विचारला नाही, त्याच्या बायकोने न विचारता सांगितलं तेव्हा काच वर केली. उपवास मी तेव्हापासून धरत नाही. बायको कारण विचारते, आणि दरवर्षी मी पित्ताचं निमित्त सांगतो.