प्रयागबाईनं दाखवलेली मुंबई

रिठदच्या मारुतीच्या गल्लीत प्रयागबाई ही एकच बाई अशी होती, की जिच्याबद्दल बोलायला गल्लीकडे काही नव्हतं. अशा बाईचा गल्लीला मनातून रागच असतो. हो, नाही आणि वाढू का, एवढ्या भांडवलावर तिनं नवऱ्यासमोर तीस वर्षं संसार ओढला होता.

नवरा नानाजी मात्र नावाजलेला. कडब्याची गंजी रचावी तर त्यानंच. दोरी नाही, ओळंबा नाही, नुसत्या नजरेनं अशी सरळ चढवायचा की वादळ आलं तरी पेंडी हलायची नाही. त्याच नजरेला दृष्ट लागली. डोळ्यांत आधी धुकं आलं, मग सांज झाली, मग कायमची अवस. अकोल्याच्या डॉक्टरनं हात टेकले, म्हणाला, मुंबईला दाखवा. भाचा फुलचंद तिथं गिरणीत होता. चोपन्न सालच्या थंडीत नवराबायको निघाले, तेव्हा मोटारीपर्यंत आलेल्या, पारावरच्या सोबती उकंडरावानं बजावलं होतं, की नानाजी, मुंबई पाहूनच ये, पाराले सांगा लागते.

दोन दिवस तपासून मुंबईचा डॉक्टर म्हणाला, आतली शीरच वाळली आहे, इलाज नाही. नानाजीनं ऐकून घेतलं. फुलचंद म्हणाला, उद्याची गाडी धरू. तेव्हा नानाजी बोलला, “उकंडरावले काय सांगू मी? पाहून येतो म्हणलं होतं. दाखवा मले मुंबई.”

 प्रयागबाईनं नवऱ्याचा हात धरला, भर रस्त्यात. गल्लीला हे तेव्हाच कळतं तर महिनाभर दुसरं काही लागलं नसतं.

आधी बोरीबंदर. वर पाहता पाहता प्रयागबाईच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तिला पत्ताच नाही.

“काय दिसते वं?”

“मोठं हाय.”

“किती मोठं?”

“लय.”

नानाजी जागीच थांबला. “कवठालेबी तू मोठंच म्हणतेस. गंजीत सांग मले.”

तीस वर्षं मिटलेलं बाईचं तोंड उघडलं ते असं. आपल्या खळ्यातली गंजी घ्या, ती म्हणाली, तिच्यावर दुसरी ठेवा, तिच्यावर तिसरी. दहा झाल्या तरी इमारत वर उरलीच. मग फाटकावरचे दगडाचे वाघ-सिंह सांगितले, भिंतीतून डोकावणारी जनावरं सांगितली, आणि घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे म्हणून सांगितलं.

“बाई? येवढ्या वर?”

“हो. कोणी उतर म्हणत नाही तिले.”

नानाजी हसला. डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदाच. राजाबाईचा मनोरा चौदा गंज्या भरला. त्याचे टोले मात्र नानाजीनं स्वतः मोजले आणि वेळ बरोबर सांगितली, म्हणून स्वारी खूश. पुढं गेटवेचा दरवाजा, चार गंज्या. नानाजीनं दगडावरून दोन्ही तळवे फिरवले, सांधा चाचपला आणि रचणाऱ्याला मनोमन मानलं. पण येवढ्या दरवाजाले दार काहून नाही, चोर आले तर, असं त्यानं विचारलंच.

“गोरे चोर याच दरवाजातून गेले, मामा,” फुलचंद म्हणाला. “सहा वर्सं झाली.”

ऊन कललं तेव्हा तिघं चौपाटीला पोचले. आणि तिथं बाई एकदम गप्प. नानाजीच्या पायाखाली ओली वाळू, कानात घनघोर आवाज, आणि बायकोचं तोंड पुन्हा मिटलेलं. त्यानं तिचा हात हलवला.

“याले गंजी नाही लागत,” ती म्हणाली.

“पानी हाय ना? मंग पल्याडच्या काठापासून सांग.”

तिनं कपाळावर हात धरला, टाचा उंचावल्या. डावीउजवीकडे जमीन होती, समोर नव्हती. “पल्याडचा काठ नाही.”

“पान्याले काठ असतेच. नीट पाह्य.”

ती पाहत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “नाही दिसत मले,” ती हळूच म्हणाली, चूक केल्यासारखी.

 नानाजीचा चेहरा सैल झाला. “तुलेबी नाही दिसत, मलेबी नाही. इथं आपण दोघं सारखेच झालो वं.”

लाट घोट्यांवरून गेली, परत आली. दोघं एकमेकांचा हात धरून समोर पाहत उभे राहिले.

निघताना तिनं तांब्याचा गडू भरला आणि काशीच्या गंगेसारखा बंद करून घेतला. मामी, ते खारं हाय, फुलचंद सांगून थकला. ज्याला काठच नाही ते तीर्थ नाही तर काय, असं बाईचं म्हणणं.

रिठदला काशीयात्रेच्या रीतीप्रमाणे शिवेवर पाय धुतले गेले, गडूची पूजा झाली, मावंद्याची पंगत बसली. उकंडरावानं पहिली ओंजळ घेतली. त्याच्या मिशा थरथरल्या, पण तीर्थ थुंकता येत नाही. त्यानं ते गिळलं, हात जोडले आणि भक्तिभावानं गडू शेजाऱ्याकडे सरकवला. असं अख्ख्या पंगतीनं गिळलं, पण कोणी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर नानाजीनं मुंबई उभी केली, गंजीवर गंजी.  शेवटी उकंडरावानं भीतभीत विचारलं, “नानाजी, डोये आले काय तुये?”

“आले,” नानाजी म्हणाला. “घरी हायेत. भाकरी करून राह्यले.”

तेव्हापासून सांजेला दोघं ओट्यावर बसतात. रस्त्यावरून कोण गेलं, कोणाचं लुगडं नवं, कोण कोणाच्या घरात शिरलं नि किती वेळानं निघालं, सगळं ती त्याला मोठ्यानं दाखवते. गल्लीतली जमनाबाई आता मागच्या बोळीनं पाण्याला जाते.