बिनसंताची नाफ्सिका

आमच्या कोर्फू बेटावर नाफ्सिका नावाचं हॉटेल आहे, फेरीबोट आहे, केकचं दुकान आहे आणि एक काकू आहे. पुराणातली नाफ्सिका राजकन्या म्हणे इथेच नदीवर कपडे धुवायला आली आणि तिला बुडता बुडता वाचलेला राजा सापडला. काकूनं चाळीस वर्षं हॉटेलांच्या चादरी धुतल्या. "मला सापडले ते मोजे," ती म्हणते, "आणि तेही एकेकच!"

आमच्याकडे आपल्या नावाच्या संताचा दिवस वाढदिवसाहून मोठा. न बोलावता गाव घरी येतं. नाफ्सिका नावाची संतच नाही. अशा बिनसंतांसाठी सर्व संतांचा रविवार असतो. काकू दरवर्षी त्या दिवशी मुरंब्याच्या वाट्या मांडून बसायची. कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. सोमवारी मुरंबा परत बरणीत.

मग काकूच्या मुलाला मुलगी झाली. पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव, ही रीत. काकूनं टॉवेलवर नाव भरतकाम करूनही टाकलं. सून व्हासो फणफणली, "आई, शाळेत पोरं हिला विचारतील, खोली रिकामी आहे का!"

"दुप्पट भाडं सांग म्हणावं. माझ्यामागे हे नाव काय बोटीला आणि केकलाच उरू द्यायचं?"

बाप्तिस्म्यात नाव पुकारते ती धर्ममाता. ती होती व्हासोची मैत्रीण लेमोनिया. सासू-सुनेनं तिला आठवडाभर दोन्हीकडून पिळलं.

चर्चमध्ये फादर येरासिमोस नेहमीसारखे नाकातून म्हणाले, "नांवं?"

लेमोनियानं डोळे घट्ट मिटले. "नाफ्सिका!"

"हें हॉंटेंल झांलं, बाई. संताचं सांग. नाहीतर हिच्या दिवशी हिच्याकडे येणार कोण?"

लेमोनिया व्हासोकडे बघायला लागली. तेवढ्यात काकू टॉवेल घेऊन पुढे आली.

"मी येईन, फादर. सर्व संतांच्या रविवारी. इतकी वर्षं एकटी बसले, आता दोघी झालो. सकाळी मी हिच्याकडे, संध्याकाळी ही माझ्याकडे."

व्हासोनं नाक ओढलं. "मुरंब्यात साखर कमी घाला मग, आई. दरवर्षी दात शिवशिवतात."

"खातेस तर चोरून!"

फादरांनी उसासा टाकला आणि रीतीप्रमाणे पोर तीनदा पाण्यात बुडवली. तिसऱ्या बुडीला धाकट्या नाफ्सिकानं असा भोंगा काढला, की बंदरातल्या नाफ्सिकानं लाजावं.