शेवंताचं कलम

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवापुढं बसले तरी — तिथंही गप्पच. आज तुम्हाला सांगते. पोटात ठेवून ठेवून मलाच त्याचा वीट आलाय.

आमचं गाव राहू. नव्या पैशाची नाणी आली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. शेवंता माझी धाकटी जाऊ. तिचे वडील शिरूरला एका बंगल्यावर माळी होते. लेकीसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं आंब्याचं कलम बांधलं, एसटीत मांडीवर घेऊन आले, खड्डा खणून लावलं आणि चहा पिऊन गेले. सासूबाई चार दिवस म्हणत होत्या, बाप असावा तर असा. — आणि माझा बाप? पाठवणी केली ती केली, पुन्हा आमचा उंबरा चढला नाही. ते चार दिवस मला फार झोंबले.

पौषात थंडी अशी पडली की हरभरा उभ्या उभ्या करपला. शेवंता रोज संध्याकाळी कलमावर पोतं घालायची. एका दुपारी सांगावा आला — वडील गेले. ती अंगावरच्या लुगड्यानिशी शिरूरला गेली, पोतं राहिलं. आम्हालाही कुणाला सुचलं नाही. तेरावा करून ती परत आली तेव्हा पानं काळी पडून लोंबत होती.

तरी ती पाणी घालत राहिली. माघ सरला. उन्हाला ऊब आली, बांधावरचा पांगारा लाल झाला, करपलेल्या शेवग्यालासुद्धा फुटवे आले. कलम मात्र तसंच. शेवटी मला म्हणाली, "आक्का, तुम्ही बघा की. मला धीर व्हईना. जित्तं हाय का, तेवढं सांगा."

मी खाली बसले. नखानं साल खरवडली — आत हिरवं होतं. ओलं, हिरवंगार. कलमाच्या गाठीच्या जरा वर एक तांबूस कोंब, मुगाएवढा. ती माझ्या पाठीमागं उभी होती, तिला तो दिसत नव्हता. मला तेव्हा राग आला होता का? नाही हो. रागाच्या भरात केलं म्हणायची सोयच नाही. शांतपणे मी तो कोंब अंगठ्यानं मोडला आणि म्हणाले, "मेलंय गं. उपटून टाकू."

"तुम्ही बघितलं म्हंजी खरंच," ती म्हणाली. उपटायला तिचा हात होईना. मी तिला पाण्याला पाठवलं आणि मग उपटलं, मुळ्या तिला दिसू नयेत म्हणून. तिच्या बापाची तेवढीच एक खूण राहिली होती, ती मी चुलीत घातली. ओलं लाकूड ते — दिवसभर नुसतं धुमसत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ... पण शेवंतानं दोष स्वतःवर घेतला. पोतं घालायचं राहिलं, माझ्यामुळं आबांचं झाड मेलं — हे ती चाळीस वर्षं सांगत आली. सुनांना, नातवंडांना, यवतच्या बाजारात भेटलेल्या बायांना. कुठं आंब्याला मोहोर दिसला की हिचे डोळे भरलेच. आणि शेजारी कोण बसलेली असायची? मी. तिची समजूतही मीच काढायची.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या दुखण्यात पुन्हा तेच निघालं. "आक्का, येक पोतं घालायचं सुचलं न्हाई मला." खोलीत आम्ही दोघीच होतो. दारसुद्धा लोटलेलं होतं.

मी म्हणाले, "थंडीच तशी होती गं."